गावाच्या नावापुढचा ‘रोड’

स्टेशनच्या पाटीवर गावाच्या नावापुढे ‘रोड’ लिहिलेलं दिसलं की ओळखावं, गाडी या गावाला जात नाही. नाशिक रोड. अक्कलकोट रोड. गाणगापूर रोड. हैदराबादचे आम्ही मराठी लोक मुंबईच्या गाडीत बसलो की वाडी सुटल्यापासून अशा पाट्या वाचत जातो. दत्ताच्या दर्शनाला निघालेली माणसं गाणगापूर रोडला उतरतात, पिशवी खांद्यावर टाकतात आणि पुढच्या वीसेक किलोमीटरची सोय आपली आपण बघतात. अक्कलकोटला जाणाऱ्यांचंही तेच. पाटीवरच्या त्या दोन अक्षरांचा अर्थ सरळ आहे: इथपर्यंत आमचं, पुढे तुमचं.

मला त्या ‘पुढे तुमचं’चा राग येतो. गेल्या महिन्यात माझी आत्या नाशिकहून आली तेव्हापासून जरा जास्तच.

आत्या ऐंशीची आहे. देवगिरी एक्सप्रेसने सातेकशे किलोमीटर एकटी आली. गाडीत झोप लागली, चहा मिळाला, समोरच्या बाईशी ओळख झाली, कसलीच तक्रार नव्हती. इथे उतरल्यावर मी तिला मेट्रोने आणलं. गार डबा, बसायला जागा, खाली दिसणारा शहराचा धुरळा. खूष झाली. ‘काय गं छान केलंय तुमच्याकडे!’ आम्ही आमच्या स्टेशनवर उतरलो, लिफ्टने खाली आलो आणि फुटपाथवर उभ्या राहिलो. तिथून माझं घर दोन किलोमीटर.

पहिला ऑटोवाला मान हलवून गेला. दुसऱ्याने थांबून गल्लीचं नाव ऐकलं. ‘नक्को अम्मा, उत्ते अंदर कोन आता?’ तिसरा शंभर रुपयांना तयार झाला, तोही सामान आत्याच्या मांडीवर ठेवायच्या अटीवर. एवढ्या पैशांत आम्हा दोघींचं मेट्रोचं तिकीट निघालं होतं. बाहेर ऊन रणरणत होतं. आत्या दुकानाच्या पायरीवर बसली, पदराने वारा घेतला आणि म्हणाली, ‘आमच्याकडे याच्यासाठी ट्राम होती.’

मला वाटलं उन्हाने काहीतरी बोलतेय. पण ती बरोबर सांगत होती.

नाशिक शहर आणि नाशिक रोड स्टेशन यांच्यात आठ-दहा किलोमीटर अंतर आहे. रेल्वे शहराला वळसा घालून गेली आणि शहर तसंच गोदेच्या काठी राहिलं. आज मधला सगळा पट्टा घरांनी भरलाय, पण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे झाडी होती. तीर्थाला आलेला माणूस काशीहून येवो की मद्रासहून, रामकुंड गाठायला त्याला शेवटी तो रस्ता तुडवावा लागे. म्हणून 1889 मध्ये तिथे ट्राम घातली. मेन रोडवरच्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून थेट स्टेशनपर्यंत. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे आपल्या ब्रॉडगेजच्या निम्म्याहून कमी. दोन डबे आणि ओढायला चार घोडे.

चार घोडे म्हटल्यावर ऐकणाऱ्याला गंमत वाटते. त्यातला हिशेब समजून घेतला की गंमत वाटत नाही, आदर वाटतो. लोखंडाचं चाक गुळगुळीत लोखंडावर फिरतं तेव्हा त्याला अडवणारं फारसं काही नसतं. खडीच्या रस्त्यावर टांग्याचं चाक प्रत्येक दगडाशी भांडत जातं. म्हणून तोच घोडा रुळावर रस्त्यापेक्षा कितीतरी जास्त ओझं ओढतो. रूळ अरुंद ठेवले की वळणं आवळून घेता येतात, जागा कमी लागते, पूल छोटे लागतात, लोखंड कमी लागतं. आठ-दहा किलोमीटरची गरज होती आणि तेवढ्याच मापाचं उत्तर दिलं गेलं.

आत्याने ती ट्राम पाहिलेली नाही. तिच्या जन्माआधीच, 1931 ते 1933 च्या दरम्यान, ती बंद पडली. पण आजोबा लहानपणी त्या ट्राममधून जात. पुण्याच्या पाहुण्यांना आणायला घरातला एकजण आधी ट्रामने स्टेशनला जाई आणि पाहुण्यांना घेऊन ट्रामनेच परत येई. पिशव्या पायाशी, पोरं मांडीवर. घरात ‘ट्रामने ये’ असं म्हणत, आत्याने ते ऐकलेलं आहे. बंद का पडली? दुष्काळ आणि प्लेग यांनी कंपनीचं कंबरडं मोडलं. माणसं शहर सोडून जातात तेव्हा भाड्याची गाडी रिकामी धावते आणि घोड्यांचा चारा मात्र रोजच्या रोज लागतो. चाळीस वर्षांहून जास्त काळ ती चालली. या काळात सिंहस्थ तरी किमान तीनदा येऊन गेला असणार. तेव्हाची ती गर्दी दोन डब्यांपुढे कशी लोटली असेल, हे डोळ्यांपुढे आणून बघा.

या ट्रामच्या आखणीत सल्लागार इंजिनियर होता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. बार्शीच्या माणसांना त्याचं नाव ठाऊक असायला हवं, कारण त्यांच्या गाडीचा कर्ता तोच. बार्शीची कथाही ‘रोड’चीच. कुर्डुवाडीच्या स्टेशनाला तेव्हा बार्शी रोड म्हणत. कापसाची आणि तेलबियांची मोठी पेठ असलेलं बार्शी तिथून पस्तीसेक किलोमीटर आत. मुख्य लाइन बार्शीला येणार नव्हती. मग कॅलथ्रॉपने 1897 मध्ये अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. त्याची खुबी एका साध्या नियमात होती. इंजिन असो, मालाचा डबा असो की माणसांचा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये. भार सगळीकडे सारखा वाटला की हलके रूळ पुरतात. हलके रूळ पुरले की खर्च उतरतो, आणि खर्च उतरला की जिथे मोठी कंपनी ढुंकून बघत नाही तिथे गाडी पोचते. ती 1906 मध्ये पंढरपूरला पोचली. 1911 मध्ये लातूरला. लातूर तेव्हा निजामाच्या मुलखात होतं, म्हणजे आमच्या हैदराबादच्या राज्यात. पुढे 1927 मध्ये मिरजेला. वारकऱ्यांच्या कितीतरी पिढ्या त्या डब्यांतून पांडुरंगाकडे गेल्या. आता ती सगळी ब्रॉडगेज झाली.

कॅलथ्रॉपबद्दल आणखी एक सांगावंसं वाटतं. या माणसाने पुढे पॅराशूट तयार केलं, पहिल्या महायुद्धाच्या काळात. नाव ठेवलं ‘गार्डियन एंजल’. मला त्यात एकच माणूस दिसतो. गाडी असो की विमान, आतला जीव खाली उतरल्यावर त्याचं काय होणार, याची त्याला काळजी होती.

आता हैदराबाद.

आमच्या शहराला कधी ट्राम लाभली नाही. पण 1932 मध्ये इथे एक फार शहाणपणाची गोष्ट झाली, आणि तिचा आम्हाला विसर पडलाय. त्या साली जूनमध्ये निजामाच्या सरकारी रेल्वेने आपलं रस्ते वाहतुकीचं खातं उघडलं. 27 गाड्या आणि 166 माणसं. रेल्वेने स्वतः बस चालवायला घेतली. आज तेलंगण आणि आंध्रात धावणाऱ्या सरकारी एसटीचं मूळ तिथे आहे. नाशिकची ट्राम जवळपास त्याच सुमारास बंद पडली आणि इथे रूळवाल्यांनी रस्ता आपला मानला. रूळ आणि रस्ता एकाच वहीत, एकाच मालकाखाली. गाडीतून उतरलेला माणूस आपलाच प्रवासी आहे, हे कुणाला तरी कळलं होतं.

आज वह्या तीन आहेत. मेट्रो एकाची, एमएमटीएसची लोकल दुसऱ्याची, बस तिसऱ्याची.

मेट्रो 29 नोव्हेंबर 2017 पासून लोकांसाठी खुली झाली. 69 किलोमीटर, तीन मार्ग. मी तिची मैत्रीण आहे, रोज जाते. 7 फेब्रुवारी 2020 ला ती सुलतान बाजारवरून धावू लागली तेव्हा आम्ही काचीगुडा-बडी चावडीच्या बायका मुद्दाम बसायला गेलो होतो. आपण आयुष्यभर ज्या दुकानांपुढे घासाघीस केली ती दुकानं वरून बघताना छाती भरून आली. एमएमटीएस त्याच्याही आधीची, 9 ऑगस्ट 2003 ची. जुन्या रेल्वे रुळांवर चालणारी लोकल. जाणाऱ्याला शहराच्या या टोकाहून त्या टोकाला अगदी थोड्या पैशांत नेते. 8 एप्रिल 2023 ला ती मेडचल आणि उमदानगरपर्यंत वाढली. बसमध्ये तर 9 डिसेंबर 2023 पासून तेलंगणातल्या बायकांना तिकीटच नाही. आमच्या घरी झाडलोट करायला येणाऱ्या बाईंचे महिन्याचे पैसे वाचतात आणि त्या पैशांतून मुलीची शिकवणी चालते. या तिन्ही गोष्टींना माझा मनापासून नमस्कार आहे.

आणि या तिन्हींना माझा एकच प्रश्न आहे: उतरल्यावर काय?

फुकट बस मुख्य रस्त्यावरून जाते. माझ्या गल्लीच्या तोंडाला ती येत नाही. त्या बाई बसमधून उतरून अर्धा तास चालतात. मेट्रोचे खांब आमच्या डोक्यावर आहेत, पण काचीगुडा रेल्वे स्टेशनला मेट्रोचं स्टेशन नाही. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. काचीगुडा म्हणजे मराठवाड्याची हैदराबादमधली ओसरी. 1916 मध्ये बांधलेली ती घुमटांची देखणी इमारत. मनमाडहून येणारी मीटरगेज लाइन जालना, परभणी, नांदेडची माणसं इथे आणून सोडायची. आज रुंद रुळांवरून तीच माणसं येतात. कुणाचा बाप ऑपरेशनला, कुणाची लेक परीक्षेला, कुणी कोर्टाच्या कामाला. पहाटे प्लॅटफॉर्मवरून बाहेर पडतात ती हातात रिपोर्टची पिशवी घेऊन, आणि पहिल्या पावलाला त्यांना ‘किधर जाना?’ असं दहा जण विचारतात. पेशंटला धरून चालणाऱ्या माणसाला घासाघीस करायचं त्राण नसतं. जो आकडा पहिल्यांदा सांगितला जातो, तेवढे तो देतो.

मी हे बघितलंय. एक मुलगा, विशीचा असेल, वडिलांना धरून भिंतीला टेकला होता. वडिलांच्या नाकात नळी. मुलगा मोबाइलवर दवाखान्याचा पत्ता दाखवत होता, आणि ज्याला दाखवत होता तो ऑटोवाला मोबाइलकडे न बघता वडिलांकडे बघत होता. तेवढ्या नजरेत भाडं ठरलं. मी मध्ये पडले, तेलुगूत बोलले, आकडा निम्म्यावर आला. पण मी रोज काचीगुड्याला उभी राहू शकत नाही. तिथे ठरलेल्या वेळेला, ठरलेल्या भाड्यात, मोठ्या सरकारी दवाखान्यांना वळसा घालून येणारी छोटी बस उभी पाहिजे. गाड्या पहाटे येतात तर बसही पहाटे पाहिजे. पायरी इतकी खाली पाहिजे की नाकात नळी असलेल्या माणसाला कुणी उचलावं लागणार नाही.

जुन्या शहराचं काय सांगू? एमजीबीएस बसस्थानकापासून फलकनुमापर्यंतचा मेट्रोचा तुकडा साडेपाच किलोमीटरचा. शहराच्या बाकी भागाला मेट्रो मिळून वर्षं लोटली तरी चारमिनारच्या आसपासची माणसं अजून वाटच बघतात. साडेपाच किलोमीटर म्हणजे नाशिकच्या घोड्यांच्या वाटेपेक्षाही कमी.

मोठ्या कामांना फीत कापायला माणसं मिळतात. दोन किलोमीटरच्या बसची फीत कुणी कापत नाही. खांब दिसतात, पूल दिसतो, विमानातूनसुद्धा दिसतो. गल्लीच्या तोंडाशी थांबणारी वीस जणांची बस फक्त तिच्यात चढणाऱ्यालाच दिसते. म्हणून तिच्यासाठी पैसा निघत नाही. हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय आणि मला ते मुळीच पटत नाही.

नाशिककरांकडे बघून कुणी सुस्कारा टाकू नये, कारण त्यांचं पुढे काय झालं तेही सांगते. 1 फेब्रुवारी 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी 2,092 कोटी रुपये जाहीर झाले. रबरी चाकांवर, वरच्या तारेतून वीज घेत धावणारी ‘मेट्रो निओ’. तिच्या दोन मार्गांतला एक कुठून कुठे होता? गंगापूरकडून नाशिक रोड स्टेशनपर्यंत. तेच स्टेशन. शहरातून त्याच स्टेशनला जायचं जे कोडं 1889 मध्ये चार घोड्यांनी सोडवलं होतं, ते एकशे तीस वर्षांनी पुन्हा कागदावर मांडलं गेलं. आजवर त्या मार्गावर एकही चाक फिरलेलं नाही. सिंहस्थ पुन्हा तोंडावर आलाय.

मला कुणी म्हणेल, बाई, आता घोडे जुंपायचे का? घोडे नकोत. ट्राम पाहिजेच असंही मी म्हणत नाही. मुंबईने 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम काढली, ते जग मागे गेलं. मला पाहिजे ते त्या माणसांचं डोकं. त्यांनी आधी विचारलं, माणसाला कुठून कुठे जायचंय? मग त्या अंतराच्या मापाचे रूळ टाकले. आम्ही आधी विचारतो, खांब कुठे मावतील? आणि माणसाला त्या खांबांपर्यंत चालत बोलावतो.

माझी मागणी लांबलचक नाही. मेट्रोच्या आणि एमएमटीएसच्या प्रत्येक स्टेशनाच्या दारात छोटी बस. गाडी आली की दोन मिनिटांत सुटणारी. आसपासच्या वस्त्यांत फिरून परत तिथेच येणारी. मेट्रोचं तिकीट तिच्यात चालावं आणि तिचं मेट्रोत. मेट्रोच्या लिफ्टमधून खाली आल्यावर ती समोर दिसावी, रस्ता ओलांडून शोधावी लागू नये. 1932 मध्ये 27 गाड्यांनिशी हे शहर सुरुवात करू शकलं. आज त्याला 27 छोट्या बस जड नाहीत. एका उड्डाणपुलाच्या खर्चात किती येतील, हा हिशेब महापालिकेच्या कुठल्याही कारकुनाला पाच मिनिटांत मांडता येईल. त्याला कुणी तरी सांगायला पाहिजे की मांड.

आणि हो, शेअर ऑटोवाल्यांना त्यातून हाकलून देऊ नये. त्यांना गल्ल्या पाठ आहेत. कुठल्या वळणावर पाणी साठतं, कुठल्या शाळेची पोरं किती वाजता सुटतात, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. त्यातल्याच माणसांना पगार देऊन त्या बसच्या स्टिअरिंगवर बसवा. ज्याने आत्याला ‘नक्को’ म्हटलं त्याचाही मला राग नाही. दोन किलोमीटर आत जाऊन रिकामं परत यायचं, त्यात त्याच्या पेट्रोलचं गणित बसत नाही. त्याचं गणित बसवून देणं हे शहराचं काम आहे.

आत्या पंधरा दिवस राहिली. तिला मी मराठी ग्रंथसंग्रहालयात नेलं, सुलतान बाजारात फिरवलं, एकदा एमएमटीएसमधून उगीचच लिंगमपल्लीपर्यंत जाऊन आणलं. ती खिडकीशी बसून प्रत्येक स्टेशनवर उतरणाऱ्यांकडे बघत होती. ‘हे आता कसे जाणार गं?’ असं तिने मला तीनदा विचारलं. कुणी चालत जात होतं, कुणाला न्यायला मुलगा स्कूटर घेऊन आला होता. एक बाई दोन हातांत दोन घागरी आणि काखेत पोर घेऊन, रूळ ओलांडून, भिंतीच्या भगदाडातून पलीकडे गेली. आत्या ती दिसेनाशी होईपर्यंत मान वळवून बघत राहिली.

परवा ती परत गेली. मी तिला देवगिरीत बसवून दिलं, खालचा बर्थ होता, सोबतीला नांदेडचं एक कुटुंब मिळालं. रात्रभर मला झोप आली नाही, म्हणून पहाटे मीच फोन लावला.

‘पोचलीस का गं?’

‘हो, नाशिक रोडला उतरले. रिक्षा बघतेय. एक जण दोनशे म्हणतोय.’

मागून इंजिनाची शिटी ऐकू आली आणि आत्या त्या माणसाला काहीतरी म्हणू लागली.